फाळकेंचा वाटाणा आणि तुमच्या मोबाईलमधलं ॲनिमेशन

तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात टाइम लॅप्स नावाचा मोड असेल. ढग पळताना दाखवणारे रील्स त्यावरच बनतात. हेच तंत्र दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्यावर वापरलं होतं.

लंडनहून कॅमेरा आणला, पण सिनेमा काढायला पैसे नव्हते. सावकाराला नुसतं तोंडी सांगून पटणार कसं? म्हणून फाळकेंनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि बी रुजून वेल होईपर्यंत थोडं थोडं चित्रीकरण केलं. पडद्यावर तो वेल भराभर वाढताना दिसला आणि भांडवलाचा मार्ग मोकळा झाला. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. त्यातून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. आजच्या भाषेत सांगायचं तर हा वाटाणा म्हणजे त्यांचा डेमो.

आता थोडं गणित. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी अशी सांगतात: महिनाभर रोज एक फ्रेम घेतली आणि मिनिटभराची फिल्म झाली. इंजिनिअर असल्यामुळे मी लगेच भागाकार केला. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरल्या, तर मिनिटाला ९६० लागतात. रोज एक घेतली तर महिन्यात ३० होतात, म्हणजे जेमतेम दोन सेकंद! मिनिट भरायचं तर रोज ३२ फ्रेम हव्यात. दिवसरात्र घेतल्या तर दर ४५ मिनिटांनी एक. खरी मेहनत या आकड्यात दिसते. ‘रोज एक फ्रेम’ ऐकायला छान आहे, पण त्यात हे काम फारच सोपं वाटतं.

अर्थात, वाटाणा स्वतःच वाढतो, आपण फक्त टिपायचं. ॲनिमेशन पुढच्या पायरीवर सुरू होतं. जी वस्तू स्वतः हलत नाही, ती आपण किंचित सरकवायची, फोटो घ्यायचा, परत सरकवायची. हेच स्टॉप मोशन. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये आगकाड्या अशाच नाचवल्या होत्या. १९१५ च्या सुमारास, पहिल्या महायुद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई असताना, फाळकेंनीही ‘आगकाड्यांची मौज’ केली. पुढे १९३४ मध्ये प्रभातचा ‘जंबूकाका’ आला, तो चित्रं काढून केलेला. तिथे सरकवण्याऐवजी प्रत्येक वेळी नवं चित्र काढावं लागतं.

घरी करून बघायचंय? आमच्या वज्रेश्वरीचं उदाहरण घेऊ. देवीच्या मंदिराला ५२ पायऱ्या आहेत. मित्राला वरच्या पायरीवर ताठ उभं करा, एक फोटो घ्या. मग खालची पायरी, पुन्हा तसाच ताठ, पुन्हा फोटो. सेकंदाला १२ फोटोंच्या वेगाने लावले की मित्र पाय न हलवता चार सेकंदांत घसरत खाली येतो. वस्तूऐवजी माणूस वापरला की त्याला पिक्सिलेशन म्हणतात.

पण एक अडचण येईल. प्रत्येक पायरीला एकच फोटो असला की वेग सगळीकडे सारखा राहतो आणि हालचाल यंत्रासारखी वाटते. खरी वस्तू हळू सुटते आणि हळू थांबते. म्हणून पहिल्या पाच आणि शेवटच्या पाच पायऱ्यांवर दोन-दोन फोटो घ्या. एकूण ६२ फोटो, पाच सेकंद. फक्त दहा फोटो जास्त, पण फरक लगेच कळेल.

फोन ट्रायपॉडवरच ठेवा. हातात धरलात तर पायऱ्याच नाचतील. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्सपोजर लॉक होतं, ते आधी करा. नाहीतर ढग आला की फोन स्वतःहून उजेड कमी-जास्त करतो आणि व्हिडिओ लुकलुकतो. स्टॉप मोशनच्या ॲप्समध्ये ‘अनियन स्किन’ असतं. त्यात मागचा फोटो पुसट दिसतो, त्यामुळे मित्र किती सरकला ते समजतं. फाळकेंना ही सोय नव्हती. फिल्म धुऊन होईपर्यंत आत काय आलंय ते दिसायचंच नाही.

आणि हो, देवस्थानात आधी परवानगी विचारा. मंगळवारी, शुक्रवारी किंवा जत्रेत जाऊ नका. पहाटे उजाडल्यावर गर्दी कमी असते. तरी मध्येच कोणी भाविक आले तर थांबा, त्यांना जाऊ द्या. स्टॉप मोशनमध्ये दोन फोटोंच्या मधे कितीही वेळ गेला तरी चालतो, फक्त सूर्य फार वर येऊ देऊ नका. सावल्या सरकतात.