डायव्हिंगला निघताना तिथी बघा

डोंबिवलीच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. कॉलेजपासूनचे मित्र डिसेंबरात तारकर्लीला स्कूबासाठी गेले होते. सगळ्यांनी रीतसर कोर्स केलेला, सगळे चांगले पोहणारे. ते लिहितात : ‘वारा पडला होता, समुद्रावर लाट म्हणून नव्हती. नांगराच्या दोराला धरून तळाशी गेलो आणि दोर सोडताच अंग वाहू लागलं. पाय मारून मारून दमलो, तरी समोरचा खडक जवळ येईना. बरोबरचे दोघं बघता बघता दिसेनासे झाले. सगळे सुखरूप वर आलो. बोटीवरचा मुलगा एवढंच म्हणाला, काल पुनव होती ना. शांत समुद्राच्या पोटात एवढी ओढ येते कुठून? आणि पौर्णिमेचा तिच्याशी संबंध काय?’

प्रश्न फार चांगला आहे, कारण समुद्र ‘शांत’ आहे असं आपण म्हणतो तेव्हा फक्त लाटा पाहिलेल्या असतात. लाट हे वाऱ्याचं काम आणि ते वरवरचं. लागोपाठच्या दोन लाटांमध्ये जेवढं अंतर असेल, त्याच्या निम्म्या खोलीवर लाटेची हालचाल जवळजवळ संपते. भरती-ओहोटीचं पाणी मात्र वरपासून तळापर्यंत सगळंच्या सगळं सरकतं. त्याला वारा लागत नाही. त्यामुळे वर आरसा आणि खाली ओढ हे दृश्य मुळीच दुर्मीळ नाही.

आता त्या ओढीचा जोर पाहू. दोन नॉट, म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर, हा रमतगमत चालण्याचा वेग. ऐकायला किरकोळ वाटतो. पण पाणी हवेपेक्षा आठशेपटींहून जड आहे आणि अंगावर येणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. हिशेब केला तर सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी अंगाला जेवढं लोटतं, तेवढं लोटायला वाऱ्याला ताशी शंभर किलोमीटरने वाहावं लागतं. वादळात चालत जाण्यासारखं हे काम आहे, तेही पाठीवर सिलिंडर आणि अंगावर जॅकेट घेऊन. पायातल्या फिन कितीही उत्तम असल्या तरी सरावाच्या डायव्हरलाही एक नॉटच्या प्रवाहाविरुद्ध फार वेळ टिकता येत नाही.

जोर वर्गाने वाढतो, तर त्याविरुद्ध पुढे सरकायला लागणारी मेहनत घनाने वाढते. वेग दुप्पट, मेहनत आठपट. आणि मेहनतीची किंमत पाण्याखाली हवेत मोजावी लागते. १२ लिटरचा, २०० बारपर्यंत भरलेला सिलिंडर म्हणजे आपल्या नेहमीच्या दाबाची सुमारे २४०० लिटर हवा. दहा मीटर खाली दाब दुप्पट, म्हणून प्रत्येक श्वासालाही दुप्पट हवा खर्च होते. निवांत पोहणारा मिनिटाला २० लिटर श्वास घेत असेल तर तिथे ४० लिटर जातात आणि सिलिंडर तासभर पुरतो. तोच माणूस प्रवाहाशी झटू लागला की श्वास तिपटीने वाढतो आणि तो तास २० मिनिटांवर येतो. राखून ठेवायची हवा वजा केली तर पंधरा मिनिटंच. शिवाय खोलीवरची हवा दाट असते, ती जोरात आत-बाहेर करणं फुप्फुसांना जड जातं, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जीव घाबरा होतो. वाचकांना आला तो थकवा तब्येतीतला दोष नव्हता. ते गणितच हरवणारं होतं.

मित्र कसे पांगले, याचंही उत्तर त्याच पाण्यात आहे. तळाला घासणारं पाणी रेतीमुळे, खडकांमुळे मंदावतं. जसजसं वर जावं तसतसा वेग वाढत जातो. एक जण रेतीपासून हातभर वर आणि दुसरा दोन पुरुष वर असेल, तर दोघं वेगवेगळ्या वेगाच्या पाण्यात असतात. कुणीही चुकीची दिशा न धरता मिनिटाभरात दोघांत बरंच अंतर पडतं. म्हणून जाणते डायव्हर प्रवाहात तळाशी लगटून आणि सगळे एकाच उंचीवर राहतात.

आता पौर्णिमा. इथे मला पंचांगातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कोकणात जुन्या जाणत्यांचा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. मुंबई बंदरात दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. हे जमतं कसं? तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकायला लागणारा काळ. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे ते १२ अंश भरून काढायला तिला ४८ मिनिटं जास्त फिरावं लागतं. भरती चंद्रामागे धावते, म्हणून दर तिथीला ती सरासरी ४८ मिनिटं उशिरा येते. तीस तिथ्यांना गुणा, बरोबर २४ तास होतात आणि चक्र पूर्ण होतं. तोंडी हिशेबासाठी ४८ चे ४५ केले, एवढाच काय तो फरक. तिथी ही मुळातच भरतीच्या घड्याळाची खूण आहे, हे मला आपल्या कालगणनेतलं सर्वांत देखणं गणित वाटतं.

तिथी वेळ सांगते तसा जोरही सांगते. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात असतात, तो भांग. उधाणाचा कळस पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतो, त्यामुळे ‘काल पुनव होती’ हे बोटीवरच्या मुलाचं उत्तर शास्त्राला धरून होतं. वेळही तशीच लागली असावी. भरतीच्या सहा तासांत पाणी सारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे भाग चढतात. निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. मालवणला भरती मुंबईच्या आधी लागते, म्हणून उधाणाच्या दिवसांत सकाळची पहिली बोट नेमकी त्या मधल्या तासांत सापडू शकते.

भांगाला भरती-ओहोटीतला फरक उधाणाच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो आणि प्रवाहही त्याच प्रमाणात उतरतो. प्रवाह निम्मा म्हणजे मेहनत आठव्या हिश्श्यावर. व्यायामशाळेत कितीही घाम गाळला तरी कुणाची ताकद आठपट होत नाही. सहलीचा दिवस एका आठवड्याने पुढे ढकलला तर तेवढाच फायदा फुकट मिळतो.

ठाणे-कल्याणच्या लोकांना हे नवं वाटू नये, कारण आपण अशाच प्रवाहांच्या काठी राहतो. उत्तर कोकणातल्या कोळ्यांचं डोल जाळं ओढायचं नसतं. ते पाण्यात खांबांना किंवा नांगराला बांधून ठेवायचं आणि प्रवाहाने मासळी आत आणायची. उधाणाला डोलीला मासळी लागते, भांगाला कामाला विसावा. डायव्हरने हेच वेळापत्रक उलटं वाचायचं.

आणि डायव्हर म्हणाल तर तेही इथलेच. कल्याण, डोंबिवलीचं मोठागाव, मुंब्रा : सगळीकडे एकेक रेतीबंदर आहे. तिथल्या खाडीत पिढ्यान्‌पिढ्या ‘डुबी’ने रेती काढली गेली. होडीच्या बाजूला उभ्या काठीला धरून माणूस बादलीसह तळाशी जातो, गढूळ काळोखात हाताने रेती चाचपून बादली भरतो, वरचे साथीदार ती ओढून घेतात. सिलिंडर नाही, मास्क नाही, कानांना संरक्षण नाही. पाण्याच्या ओढीत आधार काय तो त्या काठीचा. तारकर्लीच्या नांगरदोराचं काम इथे ती काठी करते. नंतर सक्शन पंप आले, बेकायदा उपसा झाला आणि खाडीचं अतोनात नुकसान झालं. तो हिशेब स्वतंत्र लेखाचा आहे. पण महाराष्ट्रातल्या डायव्हिंगचा इतिहास लिहिताना सुरुवात तारकर्लीपासून करणं हा या माणसांवर अन्याय आहे. प्रवाहात श्वास रोखून काम करण्याचं त्यांच्याइतकं ज्ञान राज्यात क्वचितच कुणाकडे असेल, आणि ते कुणी लिहून ठेवलेलं माझ्या पाहण्यात नाही.

प्रवाह डोळ्यांनी बघायचा असेल तर मोठागावच्या धक्क्यावर जा. उल्हास नदीवरून वाहत येणारा जलपर्णीचा एखादा पुंजका निवडा. भरतीला तो कल्याणकडे सरकतो. माणकोली पुलाच्या खांबाजवळ आला की त्याचा वेग वाढतो. ठाणे स्टेशनच्या जिन्यावर गर्दी अडकते आणि सगळे हळू होतात. पाण्याचं उलट असतं, वाट अरुंद झाली की ते जोरात धावतं. खांबामागे पुंजका भोवऱ्यात सापडून गरगरतो आणि काही क्षण चक्क उलटा येतो. प्रवाहात दमलेला डायव्हर खडकाआड जातो तो हीच जागा शोधत. दोन खांबांमधून जायला पुंजक्याला किती सेकंद लागतात ते मोजा, पुलाच्या रुंदीला त्या सेकंदांनी भागा, वेग मिळाला. आणि एक गोष्ट नीट बघा : पाणी सर्वांत वर पोचतं त्याच क्षणी ते थांबतं असं नाही. पातळी चढायची थांबली तरी प्रवाह काही वेळ आत जातच राहू शकतो. पुंजका जागच्या जागी उभा राहतो तेव्हा खरं थांबलेलं पाणी. प्रत्येक खाडीत, प्रत्येक खडकापाशी ही तफावत वेगळी असते. म्हणून तिथी दिवस ठरवायला पुरते, मिनिट ठरवायला तिथला माणूस लागतो.

मिनिटांच्या जवळ जाण्याचा शास्त्रीय प्रयत्न मात्र मुंबईच्या पाण्यावरही झाला आणि त्यातलं एक नाव आपण विसरलो आहोत. १८७८ पासून अपोलो बंदरावर भरतीमापक नोंदी करत आहे. या मोजणीचा पाया कॅप्टन बेअर्ड या सर्व्हे ऑफ इंडियाच्या अधिकाऱ्याने घातला. पण नोंदींवरून उद्याची भरती काढायची कशी? सूर्य-चंद्राची अंतरं, त्यांचे कल, सगळ्यांचे वेगवेगळे ताल. हाताने हिशेब करायचा तर जन्म पुरणार नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी कप्प्या आणि दोरी यांनी या सगळ्या तालांची आपोआप बेरीज करणारं यंत्र मांडलं. पुस्तकांत तेवढंच लिहिलेलं असतं. त्या यंत्रासाठीची किचकट आकडेमोड करणारा माणूस होता एडवर्ड रॉबर्ट्स. भारतातल्या बंदरांसाठी १८७९ मध्ये लंडनमध्ये जे मोठं यंत्र झालं, ते त्याच्याच देखरेखीखाली. एकेक कप्पी म्हणजे एकेक ताल : एक चंद्राची, एक सूर्याची, एक चंद्र जवळ-दूर होतो त्याची. अशा वीसेक कप्प्यांवरून एकच दोरी फिरे आणि टोकाची लेखणी मुंबईच्या वर्षभराच्या भरत्या कागदावर उमटवत जाई. श्रेयावरून थॉमसन आणि रॉबर्ट्स यांचा जाहीर वाद झाला. नाव थॉमसनचं राहिलं. रॉबर्ट्सने १९०६ मध्ये केलेल्या पुढच्या यंत्रावर दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्याच्या भरत्या काढल्या गेल्या. आज भरतीचं कोष्टक आपण मोबाइलवर बघतो, तेव्हा आत तीच बेरीज चाललेली असते.

एवढं असून तारकर्लीतला डिसेंबर कोष्टकात पूर्ण मावत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्याने हिवाळ्यात एक प्रवाह उत्तरेकडे वाहतो, तोही उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रवाहाचा माग काढला. पुढच्या संशोधनातून दिसलं की त्याची प्रेरणा थेट बंगालच्या उपसागरातून किनाऱ्या-किनाऱ्याने फिरून येते. वारा पडलेला असताना पाणी का चालतं, याचं एक टोक तिकडच्या समुद्रातही असू शकतं.

शेवटी जाहिरातींबद्दल. ‘पोहता येत नसलं तरी चालेल’ हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. थांबलेल्या पाण्यात, अनुभवी माणसाने हात धरलेला असताना ते खरं आहे. उधाणाच्या मधल्या तासात तो धरणारा माणूसही त्याच पाण्यात असतो आणि वेगाचा घन त्यालाही चुकत नाही. तेव्हा दर विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा. आज तिथी कोणती आणि भरती किती वाजता? इथे पाणी थांबतं कधी? आणि वाहून गेलो तर बोट आमच्या मागे येईल की नांगरावर उभी राहील? पहिल्याचं उत्तर तुम्ही घरी कॅलेंडरवर काढू शकता. दुसऱ्याचं उत्तर तिथल्या जुन्या माणसाला पाठ असतं. तिसऱ्याला ‘बोट मागे येईल’ हे उत्तर मिळालं नाही, तर पैसे खिशातच ठेवा आणि सिंधुदुर्ग किल्ला बघून या.

आणि उतरलात, ओढ लागली, तर झटू नका. तळाला लगटा, खडकाचा आडोसा घ्या, एकमेकांजवळ राहा. परतायचं झालं तर प्रवाह कापत तिरके जा किंवा सगळे मिळून सावकाश वर या, जॅकेट फुगवा आणि बोटीला खूण करा. डायव्हची सुरुवात नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध करायची, म्हणजे हवा संपत आल्यावर पाणीच परत आणून सोडतं. पुढची सहल ठरवताना डोंबिवलीच्या मित्रांनी अष्टमीच्या आसपासचा शनिवार-रविवार शोधावा. तोच समुद्र, तोच खडक, आणि पोहायला आठवा हिस्सा कष्ट.