डोंग्यात बॅटरी कोठे ठेवावी?

कुही तालुक्यात अंभोऱ्याला कन्हान वैनगंगेला मिळते. खाली गोसेखुर्दच्या धरणाने पाणी अडवल्यापासून इथे नदीचा पसारा मोठ्या तळ्यासारखा झाला आहे. अशा पाण्यात डोंग्याला बॅटरीवरची मोटार लावायची, तर आधी विचार करायचा तो वजनाचा.

१०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी सुमारे ३० किलो भरते. मोटार मागे, चालवणारा मागे आणि बॅटरीही तिथेच ठेवली, की मागची बाजू दबते, नाक वर उठते आणि लाट मागून आत येते.

गुरुजींनी हे वर्गात पट्टी आणि खडूचे तुकडे घेऊन दाखवावे. इथे वजनाइतकेच अंतरालाही महत्त्व आहे. मध्यापासून १ मीटर मागे बसलेल्या ६० किलोच्या माणसाला २ मीटर पुढे ठेवलेली ३० किलोची बॅटरी तोलून धरते.

बॅटरी तळाशी, मधल्या रेषेवर ठेवा आणि पट्ट्याने आवळून बांधा. सुटी बॅटरी डोंगा कलला की त्याच बाजूला घसरते आणि कल आणखी वाढवते. निघण्यापूर्वी काठाशी उथळ पाण्यात माणसे व जाळे घेऊन बसा. दोन्ही कडा पाण्यापासून सारख्या उंच दिसल्या, तरच डोंगा खोल पाण्यात न्या.