कर्नल अडकलं, हे कर्नलला कसं कळतं?

मागच्या व्याख्यानानंतर एकाने विचारलं, "सर, लॉगमध्ये 'सॉफ्ट लॉकअप, सीपीयू २२ सेकंद अडकला' अशी ओळ येते. ती बंद कशी करायची?" बंद करता येते, एका सेटिंगने. पण आधी ओरडतंय कोण, ते बघू.

लिनक्स प्रत्येक सीपीयूवर दर ४ सेकंदांनी वाजणारा एक टायमर ठेवतं. तो वाजला की एक आकडा वाढतो आणि एक छोटंसं काम रांगेत लागतं. त्या कामाला सीपीयू मिळाला की ते फक्त वेळ लिहून ठेवतं. ही वेळ २० सेकंदांहून जुनी झाली, तर टायमर वाजतोय पण कर्नलचा कुठला तरी कोड सीपीयू सोडत नाहीये. हा सॉफ्ट लॉकअप.

आणि त्या कोडने इंटरप्टच बंद केले असतील तर? टायमरही गप्प. पहारेकरीच झोपला! म्हणून दुसरा पहारा असतो, एनएमआयचा; हा इंटरप्ट नेहमीच्या पद्धतीने अडवता येत नाही. साधारण १० सेकंदांनी तो येतो, आकडा बघतो. वाढला नसेल तर हार्ड लॉकअप.

हे सगळे आकडे 'वॉचडॉग थ्रेश' या एकाच सेटिंगमधून येतात. मूळ किंमत १०. सॉफ्टसाठी तिची दुप्पट. ३० केलं तर तक्रार मिनिटाने येईल, ० केलं तर येणारच नाही. दुखणं मात्र तिथेच.

खरा निर्णय 'सॉफ्टलॉकअप पॅनिक'चा आहे. तुमची जागा घ्यायला दुसरं मशीन तयार असेल, तर अर्धमेलं मशीन सगळ्यात वाईट: पिंगला उत्तर देतं, काम करत नाही. तिथे १ ठेवा, आणि 'कर्नल पॅनिक'मध्ये सेकंद भरा. लोक हे हमखास विसरतात. ते ० असेल तर मशीन पॅनिक होऊन तसंच पडून राहतं.

व्हर्च्युअल मशीनवर मात्र जपून. होस्टने सीपीयू काढून घेतला तर आतल्या कर्नलला वाटतं, मीच अडकलो. मी स्वतः एकदा हे १ करून झोपलो. रात्री होस्टवर बॅकअप सुरू झाला आणि धडधाकट मशीनं एकामागून एक रीबूट!

तेव्हा, ज्यांनी विचारलं त्यांनी त्या ओळीखालचा स्टॅक बघा. दर वेळी तेच फंक्शन दिसलं तर ड्रायव्हरवर संशय घ्या. दर वेळी वेगळं, आणि 'स्टील टाइम' वाढलेला, तर होस्टवाल्याला फोन करा.