नवीन पनवेल येथील लोखंडी गोळा

नवीन पनवेल येथें राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें धातुशोधक यंत्राच्या साहाय्यानें मिळालेला एक भरीव लोखंडी गोळा परीक्षणासाठीं आमच्याकडे आणला. इ. स. १८१८ त कर्नल प्रॉथर यानें कर्नाळा घेतला, त्या वेळचा हा तोफेचा गोळा असावा, अशी त्याची समजूत होती. ती तपासून पाहणें आम्हांस अवश्य वाटलें. कारण अशी समजूत एकदां छापली गेली, कीं पुढें तीच आधार म्हणून दाखविली जाते.

प्रथम स्थळाचा विचार. कर्नाळा येथून दहाबारा किलोमीटर दूर. त्या काळच्या तोफेचा मारा इतका लांब पोहोंचत नसे. गोळा वाटेंत पडला असेल, असें कोणी म्हणेल. पण तो सांपडला भरावाच्या मातींत, आणि ती माती स्वतःच परकी. तिची साक्ष ग्राह्य नाहीं.

आतां वजन. गोळ्याचा व्यास १० सेंटिमीटर, म्हणजे घनफळ सुमारें ५२४ घन सेंटिमीटर. तोफांचे जुने लोखंडी गोळे बहुधा बिडाचे ओतीत. बीड दर घन सेंटिमीटरास सुमारें ७.२ ग्रॅम भरतें. त्या हिशेबानें असा गोळा ३ किलो ७७० ग्रॅमच्या आसपास असावा. प्रस्तुत गोळा ४ किलो १०० ग्रॅम भरला. ही घनता पोलादाची होय. गंजानें ती घटते, वाढत नाहीं. ओतकामाच्या सांध्याची रेघही त्यावर नाहीं. परंतु ती घासून काढतां येते, म्हणून केवळ तेवढ्यावरून निर्णय करणें हा हेत्वाभास झाला असता.

सिमेंट व खनिजें यांचें चूर्ण करणाऱ्या फिरत्या पिंपांत या मापाचे पोलादी गोळे घालतात. कळंबोलीचा लोखंडबाजार शेजारींच आहे. तेव्हां हा गोळा अशाच यंत्रांतील असावा, असें आमचें मत आहे.

एक इशारा अवश्य आहे. गोळ्यास भोंक किंवा बुजविलेलें तोंड दिसल्यास तो उचलूं नये. तो कुलपी गोळा असूं शकतो, व त्यांतील दारू शतकानंतरही पेट घेऊं शकते. घासणें, तापविणें वर्ज्य करून पोलिसांस कळवावें.

विद्यार्थी किंचित् खिन्न झाला. परंतु कर्नाळ्याच्या इतिहासांत एक खोटा पुरावा शिरला नाहीं, हा लाभ थोडा नव्हे. यापुढें ज्यास अशी वस्तु मिळेल, त्यानें ती हलविण्यापूर्वीं जागा, खोली व मातीचा थर टिपून ठेवावा, एवढीच विनंति.