गणपतीच्या घरातील गर्दी आणि पावसाळी ताप

आपल्या राज्यात इन्फ्लुएंझाच्या तापाचा हंगाम आणि गणेशोत्सव ही दोन्ही एकाच ऋतूत येतात, ही गोष्ट पंचांगकर्त्यांच्या किंवा वैद्यांच्या हातची नसली, तरी तिच्यापायी ओढवणारे पुष्कळसे दुःख टाळणे मात्र आपल्या हाती आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. युरोप-अमेरिकेत हा ताप कडाक्याच्या थंडीत फैलावतो. आपल्याकडे त्याची एक लाट जानेवारी ते मार्च या महिन्यांत येते आणि दुसरी, महाराष्ट्राला विशेष जाणवणारी, जुलैपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पावसाच्या सोबतीने चालते. नेमक्या याच दिवसांत मुंबई, ठाणे आणि पुणे येथील लक्षावधी चाकरमानी रेल्वेच्या डब्यांतून आणि एस.टी.च्या गाड्यांतून रात्र-रात्र दाटीवाटीने प्रवास करीत रत्नागिरी-सिंधुदुर्गातील आपल्या मूळ घरी पोहोचतात, आणि वर्षभर दोन म्हाताऱ्या माणसांनी राखलेले घर एका दिवसात वीस-पंचवीस माणसांनी भरून जाते. या भेटीसाठी ती म्हातारी माणसे वर्षभर डोळे लावून बसलेली असतात, म्हणून गर्दी टाळा असा सरसकट उपदेश त्यांना करणे मला निष्ठुरपणाचे वाटते. गर्दी राहावी आणि ताप टळावा, याची काही तजवीज होऊ शकते का, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

संध्याकाळच्या आरतीच्या वेळी कोकणातील एखाद्या माजघरात काय घडते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. बाहेर पावसाची झोड असते, वारा ज्योती विझवील म्हणून खिडक्यांची दारे ओढून घेतलेली असतात, आणि एका घरची आरती आटोपून दुसऱ्या घरी जाणारी वाडीतली सगळी मंडळी त्या एका खोलीत खांद्याला खांदा लावून उभी राहते. एकामागून एक आरत्या टिपेच्या स्वरात म्हटल्या जातात. झांजा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातात. मंत्रपुष्पांजली संपली, की आरतीचे तबक फिरते आणि जो तो ज्योतीवर धरलेले तळवे आपल्या डोळ्यांना आणि चेहऱ्याला लावतो. पाठोपाठ पळीने तीर्थ येते. ते उजव्या हाताच्या तळव्यावर घेऊन ओठांना लावायचे, ओला हात मस्तकावरून फिरवायचा आणि त्याच हातावर खिरापत घ्यायची, असा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. या क्रमात मला कोठेही गैर दिसत नाही. परंतु झांजा वाजविलेला हात डोळ्यांना, ओठांना आणि प्रसादाला एवढ्या थोड्या वेळात लागतो, तेव्हा तो हात आरतीला उभे राहण्यापूर्वी साबणाने धुतलेला असणे किती अगत्याचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

तापाचा विषाणू मुख्यत्वेकरून श्वासावाटे जातो. शिंकताना आणि खोकताना उडणारे मोठे थेंब हात-दोन हातांच्या अंतरात खाली पडतात, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु बोलताना, आणि त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात मोठ्याने गाताना, जे अतिसूक्ष्म तुषार तोंडावाटे बाहेर पडतात, ते कोंडलेल्या हवेत दीर्घ काळ तरंगत राहतात, याची जाणीव आपल्याला करोनाच्या साथीने करून दिली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका समूहगायन मंडळाचा सराव सुमारे अडीच तास चालला होता. सरावाला ६१ जण हजर होते, त्यांपैकी एकास आधीच थोडी सर्दी-खोकल्याची लक्षणे होती, आणि पुढील काही दिवसांत त्याच्यासह ५३ जण आजारी पडून त्यांतील दोघे दगावले. तो विषाणू निराळा होता, हे खरे. पण बंद खोलीत, अनेक कंठांनी, दीर्घ काळ गाणे म्हणजे काय, याचा इतका सविस्तर नोंदलेला दाखला क्वचितच सापडेल. आपल्या आरतीला अडीच तास लागत नाहीत. रात्री उशिरापर्यंत रंगणाऱ्या भजनाला मात्र लागतात.

यावरचा इलाज आपल्या जुन्या घरांच्या रचनेतच आहे. कोकणातील घराला ओटी असते, पडवी असते, उत्सवात अंगणावर मांडवही असतो. तेव्हा पूजेपाशी घरची मोजकी माणसे उभी राहून बाकीची मंडळी ओटीवर आणि पडवीत उभी राहिली, तर आरतीत काही उणे पडत नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा एक दार आणि एक खिडकी उघडी ठेवली, की हवा एकीकडून येऊन दुसरीकडून निघून जाते. ज्योत सांभाळायची असेल, तर तिच्यापुरता आडोसा करावा, सगळे घर बंद करू नये. शहरातील सदनिकेत ही अडचण अधिक आहे, कारण तेथे पाहुणे आले की दार लावून वातानुकूलन यंत्र चालू करण्याचा रिवाज पडला आहे, आणि घरोघरी भिंतीवर बसविलेले यंत्र बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करून सोडते. छताच्या पंख्याचेही तेच. खिडकी उघडी असेल, तरच त्याचा या कामी उपयोग.

आणि साबण. इन्फ्लुएंझाचा विषाणू पोलाद किंवा प्लॅस्टिक यांसारख्या गुळगुळीत पृष्ठावर एक-दोन दिवसही तग धरू शकतो. पण त्याचे बाह्य आवरण स्निग्ध पदार्थांचे असल्यामुळे साबणाच्या फेसाने ते विरघळते आणि विषाणू निकामी होतो. हातांवर चोळावयाच्या मद्यार्कयुक्त द्रवानेही तो मरतो, परंतु उलट्या-जुलाब घडविणाऱ्या नोरोव्हायरसाला असे आवरणच नसल्याने त्या द्रवाचा त्याच्यावर फारसा अंमल चालत नाही. तेथे साबण आणि वाहते पाणीच हवे. म्हणून ज्याच्या घरी लोकांचा राबता आहे, त्याने पायरीपाशी, पूर्वी पाय धुण्यासाठी पाण्याचे घंगाळ ठेवीत त्या जागी, पाणी, साबण आणि पुरेसे कोरडे पंचे ठेवावेत. न्हाणीच्या दाराशी एकच टॉवेल टांगलेला असतो आणि आला-गेला प्रत्येक जण त्याला तोंड पुसतो, ही आपल्याकडील फार वाईट सवय आहे. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची जी साथ आली आणि आळंदी परिसरात शेकडो शाळकरी मुलांना जिने गाठले, तसल्या साथी अशाच टॉवेलांवरून आणि रुमालांवरून घरभर पसरतात.

या बाबतीत आपण अगदी अननुभवी नाही. १९१८ च्या जून महिन्यात इन्फ्लुएंझाने मुंबई बंदरात पाऊल टाकले, आणि त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात आलेल्या त्याच्या दुसऱ्या, घोर लाटेने रेल्वेच्या मार्गांनी देश पादाक्रांत करून एक कोटीहून अधिक माणसे नेली. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूचा भारतातील पहिला बळी पुण्यात पडला, ती एक शाळकरी मुलगी होती. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २३ ऑगस्टला, गणेश चतुर्थी होती. २०२० साली सरकारी हुकमाने मंडळांच्या मूर्तींना चार फुटांची आणि घरगुती मूर्तींना दोन फुटांची मर्यादा घातली गेली, आणि लालबागच्या मंडळाने तर त्या वर्षी मूर्तीची स्थापना न करता रक्तदानाचा आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला. हे निर्णय सोपे नव्हते. लोकांनी ते पाळले, याचा मला अभिमान वाटतो. पण हुकूम उठला, की त्याबरोबर खबरदारीही उठते.

सर्वांत अवघड गोष्ट निराळीच आहे. इन्फ्लुएंझाची लागण झालेला मनुष्य ताप भरण्याच्या एक दिवस आधीपासून आणि त्यानंतर पाच ते सात दिवस इतरांस तो देऊ शकतो. मुले तर त्याहूनही अधिक दिवस. ज्याला काहीच लक्षण दिसत नाही, त्याला दोष देता येत नाही. परंतु अंग कसकसत असता, घसा धरलेला असता, क्रोसिनची गोळी घेऊन गाडीत बसणारी आणि गोळीने ताप उतरला आहे तोवर आपण बरेच आहोत असे समजणारी माणसे प्रत्येक घरात असतात, आणि ती बेपर्वा असतात असे मुळीच नाही. न गेल्यास वडील भावास काय वाटेल, वहिनी रुसली असे भावकीत बोलले जाईल, गौरीचा ओवसा चुकेल, वर्षातून एकदा होणारी आईची भेट हुकेल, या भयाने ती निघतात. म्हणजे साथीचा खरा वाहक पुष्कळदा आपला मानापमानाचा हिशेब असतो. येथे मला आपल्याच एका जुन्या प्रथेची आठवण करून द्यावीशी वाटते. घरात सोयर किंवा सुतक असले, तर त्या घरचा माणूस पूजेला बसत नाही. त्याच्या वतीने दुसरा कोणी पूजा करतो, नैवेद्य दाखवितो, आणि तो का आला नाही असे कोणी विचारीत नाही, की त्यावरून कोणी कोणाशी अबोला धरीत नाही. त्या प्रथेच्या शास्त्रार्थाविषयी मतभेद असोत; न येण्यास एक सर्वमान्य सबब असावी आणि तिच्यामागे कसलाही कमीपणा नसावा, ही सोय तिने समाजाला करून दिली, हे नाकबूल करता येणार नाही. तापाला आज हाच दर्जा मिळाला पाहिजे. ज्याला ताप आहे, त्याने, औषध न घेताही पुरते चोवीस तास ताप आलेला नाही अशी खात्री होईपर्यंत, उत्सवाच्या घरी जाऊ नये, आणि त्याला तशी मुभा घरातील सर्वांत वडील माणसाने आपल्या तोंडाने द्यावी. धाकट्याला ती मागण्याचा संकोच वाटतो.

हा आग्रह कोणासाठी, तर ज्या म्हाताऱ्या माणसांच्या भेटीसाठी एवढा खटाटोप चालतो, त्यांच्याचसाठी. धडधाकट तरुणाला जो ताप चार दिवस अंथरुणाला खिळवतो, तोच साठी-पासष्टी उलटलेल्यांना, गरोदर स्त्रियांना, पाच वर्षांखालील मुलांना आणि मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. आणि तालुक्याचे रुग्णालय तासाभराच्या अंतरावर असलेल्या वाडीत याचा अर्थ काय होतो, हे तेथील लोक जाणतात. अशांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी घ्यावी. हा विषाणू आपले रूप पालटीत असल्यामुळे लसही दरसाल बदलते, आणि ती टोचल्यावर शरीरात पुरेसे संरक्षण उभे राहण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून चतुर्थीच्या आदल्या दिवशी नव्हे, तर पावसाळ्याच्या प्रारंभीच तिचा विचार व्हावा. लस घेऊनही ताप येऊ शकतो, पण तो जीवावर बेतण्याचा संभव पुष्कळ कमी होतो. प्रवासात, विशेषतः रात्रभराच्या बंद गाडीत, नाक-तोंड नीट झाकणारा मास्क लावावा. एन-९५ जातीचा मिळाल्यास उत्तम.

पाण्याविषयीही सांगितले पाहिजे. भर पावसात विहिरींत आजूबाजूचे पाणी उतरते, आणि वर्षभर दोघांना पुरणाऱ्या विहिरीवर एकाएकी सबंध कुटुंबाचा भार पडतो. अशा पाण्यातून काविळीचे ए आणि ई हे दोन विषाणू पोटात जातात, आणि लक्षणे दिसण्यास कित्येक आठवडे लागत असल्याने चाकरमानी मुंबईत परतून कामाला लागल्यावर, कधी दसऱ्याच्या तर कधी दिवाळीच्या सुमारास, डोळे पिवळे होतात. त्या वेळी गावच्या विहिरीची आठवण कोणाला होत नाही. गरोदर स्त्रीला शेवटच्या महिन्यांत झालेली ई जातीची कावीळ प्राणघातक ठरू शकते. ग्रामपंचायतीकडून उत्सवापूर्वी विहिरीत टीसीएल पावडर टाकली गेली आहे की नाही, याची चौकशी करावी, आणि तरीही पिण्याचे पाणी खळखळून उकळूनच घ्यावे. चुलीवर मोदकांचे पात्र चढते, त्याबरोबर पाण्याचे एक पातेले चढविणे कठीण नाही.

एवढे करूनही घरात कोणी आजारी पडलेच, तर त्याला हवेशीर अशी वेगळी खोली द्यावी, शुश्रूषेला एकाच माणसाने राहावे, भरपूर पाणी, पेज, कढण देत जावे, आणि मागच्या आजारातून उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत, कारण विषाणूवर त्यांचा काही परिणाम होत नाही. मुलांना तापासाठी ॲस्पिरिन कदापि देऊ नये. पॅरासिटामॉल द्यावे, तेही वजनाच्या मानाने. दम लागणे, ओठ निळसर पडणे, सुस्ती किंवा असंबद्ध बडबड, मुलाने खाणे-पिणे सोडणे, अथवा उतरलेला ताप पुन्हा चढून खोकला वाढणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी विसर्जनाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. इन्फ्लुएंझावरील ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झाल्यास त्याचा गुण सर्वांत अधिक येतो, आणि जोखमीच्या माणसांच्या बाबतीत हे दोन दिवस वाया जाऊ देणे परवडणारे नाही.

येत्या चतुर्थीसाठी घरोघरचे वडीलधारे मुलांना, भावांना, सुनांना निरोप धाडतील, त्या वेळी त्यांनी आणखी एक वाक्य आपण होऊन जोडावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे: ताप असेल, तर बिनदिक्कत घरीच राहा, तुझ्या वाटचा नमस्कार आम्ही करू आणि बरा झालास की भेटायला ये.