वर्गाबाहेरचे करंदीकर सर

गोविंद विनायक करंदीकर. कवितेत विंदा, वर्गात मात्र इंग्रजीचे सर. जन्म 23 ऑगस्ट 1918, देवगड तालुक्यातलं धालवली. महाविद्यालयीन शिक्षण कोल्हापुरात. ‘स्वेदगंगा’ हा कवितासंग्रह आला 1949 मध्ये.

इंग्रजी शिकवणाऱ्या या माणसाने शेक्सपिअरचा ‘राजा लिअर’ आणि गटेचा ‘फाउस्ट’ मराठीत आणला, शिवाय ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’चं अर्वाचीन मराठीत रूपांतर केलं. एकाच टेबलावर शेक्सपिअर आणि ज्ञानदेव! मुलांसाठीची ‘राणीची बाग’, ‘परी ग परी’ याच लेखणीतली. या बालपुस्तकांना ‘गंभीर’ पुस्तकांखालची रांग देणं मला तरी मान्य नाही.

1976 मध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडली, ती लेखनासाठी. वांद्र्याच्या साहित्य सहवासात पत्नी सुमाताईंसह साधा संसार. काटकसर अशी की तिचे किस्से मित्र रंगवून सांगत. कवी बापट-पाडगावकरांसोबतचं काव्यवाचन मात्र गावोगाव गाजलेलं.

पंचाऐंशीच्या उंबरठ्यावर ‘अष्टदर्शने’: देकार्तपासून बर्गसाँपर्यंत सात पाश्चात्त्य तत्त्वज्ञ, आठवा आपला चार्वाक. 2003 चं ज्ञानपीठही त्यांनाच. मराठीत खांडेकर, कुसुमाग्रजांनंतर तिसरं. निधन 14 मार्च 2010, मुंबई.