गळक्या बादलीतली मेथी



आमच्या घरापुढे अंगण आहे, पण ते फरशीचं. वीतभरसुद्धा माती नाही. तरी या हिवाळ्यात आम्ही घरची मेथी खाल्ली. ती कशी, ते सांगते.

प्रथम मी गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून मेथी पेरली. चौथ्या दिवशी कोंब वर आले. मला इतका आनंद झाला, की मी रोज तांब्याभर पाणी घालू लागले. आठ दिवसांत रोपं पिवळी पडली. उपटून पाहिली तर मुळं काळी आणि मातीला घाण वास. मला रडूच आलं, कारण बियाणं म्हणून राखलेली आजीची मूठभर मेथी वाया गेली होती. आजी म्हणाली, "अगं, डब्याला भोक कुठंय? बुडून मेली ती."

गुरुजींनी कारण समजावलं. मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमध्ये ती असते. जास्तीचं पाणी निघून गेलं नाही, तर हवेच्या जागी पाणी साचतं आणि मुळं कुजतात. म्हणजे जे गळकं भांडं आपल्याला नको, तेच रोपाला हवं!

मग माळ्यावरची गळकी बादली काढली. भोकावर खापरीचा तुकडा आडवा ठेवला, म्हणजे पाणी जातं पण माती जात नाही. 2 भाग माती, 1 भाग कुजलेलं शेणखत व 1 भाग वाळू मिसळून भरली. मेथी रात्रभर भिजवून अर्धा पेर खोल पेरली. बादली उन्हात ठेवली. बोट खुपसून पाहायचं; माती कोरडी लागली तरच पाणी. महिन्याभरात भाजी तयार!

आता फुटक्या माठाच्या बुडात कोथिंबीर आहे. धणे रगडून दोन फाकी करून पेरावे. बूड झिजलेल्या किटलीत पुदिन्याची काडी लागली. दादाच्या फाटक्या गमबुटात मोड आलेला कांदा लावला, त्याला पात आली. येणारेजाणारे बूट पाहून हसतात!

काही गोष्टी मात्र लक्षात ठेवा. औषध फवारणीचे डबे धुऊनही वापरू नका, विष राहतं. भांड्याखाली पाणी साचू देऊ नका, डास होतात. पत्र्याचा डबा उन्हाळ्यात तापतो. त्याला भोवती गोणपाट गुंडाळा.

बादलीतली चार रोपं मी तोडली नाहीत. त्यांच्या शेंगा वाळल्यावर बिया आजीच्या हातावर ठेवल्या. मूठ काही भरली नाही, पण आजीने त्या पुरचुंडीत बांधून ठेवल्या.

तुमच्या घरी गळकं भांडं असेल तर टाकू नका. करून पाहा!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता 4 थी